खुंट्यांवरची गल्ली

राहणारे चिकटवायचे आणि जाणारे खुंटीवर ठेवायचे, हा त्या कामाचा पहिला नियम. वहिनीला तो तिच्या नवऱ्याने शिकवला होता. शहराचे लाकडी मॉडेल करताना ज्या इमारती उद्याही असणार आहेत, त्या तळपाटाला सरसाने पक्क्या बसवायच्या. ज्यांच्याविषयी अजून वाद आहे, ज्या उचलून त्या जागी दुसरे काही ठेवून पाहायचे आहे, त्यांच्या पोटात बारीक खुंट्या ठोकायच्या. कोण राहणार आणि कोण जाणार, हे मॉडेल करणाऱ्याला सगळ्यांच्या आधी कळते, असे तो म्हणायचा; त्याला कुणी विचारत नाही म्हणून तो गप्प असतो, एवढेच.

नवरा गेला. मागे राहिल्या त्याच्या पट्ट्या आणि ब्लेडे, आणि त्याचा शाळकरी धाकटा भाऊ. त्याच ब्लेडांवर वहिनीने धाकट्याला वाढवले, शिकवले. तो नगररचनेच्या कार्यालयात लागला आणि चढत चढत गेला. तो हाक मारायचा म्हणून सगळी गल्ली तिला वहिनीच म्हणे. आणि तो साहेब झाला त्या दिवसापासून ती त्याला, एके काळी जिच्या पदराला तो नाक पुसायचा ती, न चुकता ‘तुम्ही’ म्हणू लागली.

गल्ली ओढ्याच्या काठाला होती, शहराच्या सर्वांत खोल कुशीत. वरच्या टेकडीवर पूर्वी गवत होते, ते पाणी पिऊन घेई. आता तिथे उंच इमारती होत्या, गाड्यांसाठी डांबराची मैदाने होती, आणि टेकडीला तहान अशी उरलीच नव्हती. तिने नाकारलेले सगळे पाणी मुकाट खाली येई आणि उंबरे ओलांडून माणसांच्या अंथरुणाशी बसे.

म्हणून धाकटा जेव्हा नव्या आखणीचे काम घेऊन आला, तेव्हा वहिनीचे डोळे भरून आले.

“गल्ली राहतेय, वहिनी,” तो म्हणाला. “ओढ्याला भिंत, पायऱ्या रुंद, म्हाताऱ्यांसाठी कठडा, कोपऱ्याकोपऱ्यावर दिवे. सगळ्यांना सामावून घेणारं शहर करायचंय आता. पण लोकांना नकाशा कळत नाही. तुम्ही मॉडेल करा. तुमच्या हातचं पाहिलं की त्यांचा विश्वास बसेल.”

तिने ते असे केले की जणू लाकूड कोरत नव्हती, कुणाचा तरी चेहरा आठवत होती. पत्र्यांचे उतार, वाकलेला विजेचा खांब, दोन घरांनी वाटून घेतलेली भिंत. शेजारीपाजारी येता-जाता दारातून डोकावत.

“माझ्या दुकानावरचा टायर कुठाय?” पंक्चरवाल्याने कमरेवर हात ठेवून विचारले. “टायर नसेल तर गिऱ्हाइकाला कसं कळणार?”

“नखाएवढ्या दुकानात कुठलं आलंय गिऱ्हाईक?”

“तुमचा दीर येईल की. साहेबाची हवा काढतो जरा!”

वहिनीने हसत काळ्या तारेचे कडे वळवले आणि चिमट्याने छपरावर बसवले. इस्त्रीवाल्या मावशीचे मागणे वेगळे होते. “मला दारात उभी कर. आणि जरा बारीक कर गं बाई. लाकडात तरी बारीक दिसू दे.”

काम संपत आले आणि धाकट्याचा फोन आला. “गल्ली वेगळ्या पाटावर घ्या. खुंट्यांवर. अख्खं मॉडेल सभागृहाच्या दारातून जाणार नाही.”

ती थबकली. मॉडेलचे दोन भाग करायचे तर जोड नेहमी पाण्यावरून घेतात. निळ्या रंगात सांधा दिसत नाही.

“ओढ्यावरून जोड घेते की, भाऊजी.”

“नको. गल्लीभोवतीच घ्या.” मग पलीकडून मऊ आवाज: “वहिनी, माझ्यावर विश्वास नाही का?”

या प्रश्नाला घरातल्या माणसाकडे उत्तर नसते. तिने छिद्रे पाडली, खुंट्या ठोकल्या. दर ठोक्यासरशी मनात काहीतरी हलत होते. ते तिने हातोडीनेच गप्प केले.

सकाळच्या जनसुनावणीला गल्लीने धुतलेले कपडे घातले होते. मॉडेलवर दिवा लावल्यावर सगळे पुढे झुकले आणि आपापली घरे शोधू लागले. मावशीने स्वतःला ओळखले. “बारीक केलीस हो!” ती पुटपुटली आणि मग धाकट्याकडे वळली. “साहेब, हे असंच राहणार ना?”

“मावशी, तुमच्या डोळ्यांसमोरच तर आहे,” तो म्हणाला.

नव्या आखणीला संमती असणाऱ्यांनी हात वर करावेत, अशी सूचना झाली. लोक एकमेकांकडे पाहू लागले; आणि मग सगळे वहिनीकडे. तिने हात वर केला. त्यामागे एकेक करत सगळ्या गल्लीचे हात वर गेले: सोड्याने तडकलेले, ग्रीसने काळे, इस्त्रीने भाजलेले.

लोक हसतखेळत घरी गेले. दुपारी समितीची बैठक झाली की मॉडेल आवरायचे होते, म्हणून वहिनी मागे थांबली. नळावर हात धुऊन परत आली तेव्हा सभागृहाचे दार अर्धवट लोटलेले होते. आत मॉडेलभोवती समितीची मंडळी उभी होती, आणि धाकटा दोन्ही हातांनी गल्ली उचलत होता. हळूच, तान्हे मूल उचलावे तसे. ती खुंट्यांसकट अलगद सुटली.

त्या रिकाम्या चौकटीत त्याने दुसरा पाट बसवला. तो वहिनीचा नव्हता. कुणा दुसऱ्याच्या हातचे गोल निळे तळे, काठाला हिरव्या स्पंजाची झाडे, झाडांखाली बाक. तो तिच्याच छिद्रांत चपखल बसला.

“वा!” कुणीतरी म्हणाले. “सुंदरच. आणि लोकांची संमती?”

“आखणीला सकाळीच मिळाली,” धाकटा म्हणाला. “एकमताने.”

गल्ली त्याने एका खुर्चीवर ठेवली. बोलता बोलता कुणीतरी आपला कोट काढला आणि न पाहता त्याच खुर्चीवर टाकला.

धाकटा बाहेर पडताच वहिनीने त्याला गाठले.

“वहिनी, इथे नको.”

“इथेच. तळं कुणाकडून करून घेतलंस?” ‘तुम्ही’ कधी गळून पडले, तिलाही कळले नाही.

त्याने भिंतीला पाठ टेकली. “पाण्याला कुठेतरी थांबायला जागा हवी. नाहीतर एका पावसात खालचं सगळं शहर जाईल. दवाखाना, शाळा, बाजार. गल्ली सगळ्यात खोल आहे. हे मी नाही ठरवलं, जमिनीने ठरवलंय.”

“आणि टेकडीवर डांबर ओतायचं, तेही जमिनीनेच ठरवलं?”

तो म्हणाला, “तळं खोटं नाहीये, वहिनी.”

“तळ्याला कोण खोटं म्हणतंय? सकाळी का नाही दाखवलंस?”

“दाखवलं असतं तर हात वर झाले असते?”

हे वाक्य त्याने इतक्या सहज म्हटले की तिला कळले, ते त्याने स्वतःला अनेकदा ऐकवून झाले आहे.

“लोक कुठे जाणार?”

“शहराबाहेर इमारती होतायत. बसही सुरू होईल.”

“होईल!”

“तुमचं तसं नाही.” त्याचा आवाज मऊ झाला, फोनवरच्यासारखाच. “तुमचं घर मी वेगळं धरलंय. तळ्यासमोर, तळमजल्यावर. खिडकीतून पाणी दिसेल. झाडं दिसतील. तुम्ही आयुष्यभर काय कमी केलंत का?”

आतापर्यंत तिला नुसता राग आला होता. आता अंगातली ऊब कुणीतरी हळूहळू काढून घ्यावी तसे झाले. हा मुलगा तिला फसवून वर तिच्यावर प्रेमही करत होता. शेजाऱ्यांच्या उंबऱ्यांवर साचलेल्या पाण्याकडे तिने खिडकीतून पाहत बसावे, हे त्याला उपकाराची फेड वाटत होते. एवढ्या वर्षांत आपण याला काय शिकवले, हा प्रश्न तिला त्याच्याहून परका वाटला.

“कोटाखालून माझी गल्ली काढून दे,” ती म्हणाली.

संध्याकाळी गल्लीत नळाला पाणी आले होते. बादल्यांचे आवाज, मध्येच हसणे. पंक्चरवाल्याने तिला लांबून पाहिले. “आली, आली साहेबाची वहिनी! दिवे कधी लागतात, विचारलंत का?”

तिने पाट एका पायरीवर ठेवला आणि सगळे सांगितले. तळे, चौकट, एकमत. काही गाळले नाही. पंक्चरवाला आधी हसला. “आजच्या दिवशी थट्टा नको हं, वहिनी.” मग त्याने तिचा चेहरा नीट पाहिला.

नळ वाहत राहिला. कुणीतरी तो बंद केला.

मावशी वाकून पाटाखाली पाहू लागली. तिने एका खुंटीला बोट लावले. “या कुणी ठोकल्या?”

“मी.”

“कशाला असतात या?”

वहिनीने तेही सांगितले.

“म्हणजे तुला तेव्हाच कळलं होतं?”

“शंका आली होती.”

“मग?”

“त्याने विचारलं, माझ्यावर विश्वास नाही का.”

“आणि आम्हाला कुणी विचारलं?” पंक्चरवाला म्हणाला. त्याच्या आवाजातला रोजचा मिश्कीलपणा पार विझला होता. “मी त्या साहेबाकडे बघून नव्हता हात वर केला, वहिनी. तुमच्याकडे बघून केला होता.”



“तुला कुठे धाडतायत?” मावशीने विचारले.

खोटे बोलणे फार सोपे होते. ‘तुमच्याबरोबरच’ एवढे म्हणायचे, की निदान आजची संध्याकाळ तिची राहिली असती. गल्लीतला प्रत्येक चेहरा तेच ऐकायला थांबला होता.

“तळ्यासमोर,” ती म्हणाली. “मला तिथेच घर धरलंय. मी नको म्हणणार आहे. पण धरलंय.”

एक बाई भरलेली बादली उचलून निघून गेली. कुणी म्हणाले, आता काय व्हायचे राहिले. कुणी म्हणाले, साहेबाच्या घरच्यांचे सगळे ठरलेलेच असणार. आवाज चढले, एकमेकांवर आदळले आणि दमून खाली बसले. शेवटी मावशीच बोलली. उद्या सगळ्यांनी परत कार्यालयात जायचे. आम्ही हात या घरांना वर केले होते, तळ्याला नाही, असे तोंडावर सांगायचे. तळे हवे असेल तर आमच्यासमोर मांडा, आणि टेकडीही मांडा.

“मी बोलते,” वहिनी म्हणाली. “खुंट्यांचं मीच सांगते, सगळ्यांसमोर.”



“बोल. तूच बोल. पण उद्या पुढे चालू नकोस,” मावशी म्हणाली. “मध्ये चाल. आम्हाला दिसशील अशी.”

वहिनीने मान हलवली. मावशी आपल्या घरात गेली. दार तिने लावले नाही. पण रोजच्यासारखे ‘ये गं आत’ असेही म्हणाली नाही.