धाकट्यानं करायची प्रार्थना

आमच्या परतूरच्या घरात जेवणाआधीची प्रार्थना सगळ्यात धाकट्यानं करायची पद्धत आहे. बोलायला लागल्यापासून ती माझी लेक सुवार्ताच करायची. परवा ती तापानं गेली. काल तिला माती देऊन आलो, तेव्हा शेजारणीनं पिठलं-भाकरी आणून दिली. ताटं वाढली, पण घास कुणी घेईना. सुवार्ताच्या वडिलांनीही मान वर केली नाही.

"आता तूच धाकटी, बाई," सासूबाई हळूच म्हणाल्या.

"आई, आभार कशाचे मानू? मला न्हाई जमायचं."

"मंग नको मानू. जे झालं ते सांग त्याला."

मी हात जोडले. "प्रभू येशू, माझं लेकरू गेलं. आज आमच्यापाशी बस."

"आमेन," म्हणून सासूबाईंनी पहिला घास माझ्या तोंडाशी धरला.