सहा दुकानं आणि एक केइता

तेनिन ताईचं ऑनलाइन दुकान बुडायला लागलं तेव्हा त्यात सगळं मिळत होतं, आणि हीच त्याची अडचण होती. बाळाच्या मच्छरदाण्या, मोटरसायकलच्या चेन, शिलाई मशीनचे पट्टे, पातेली, दप्तरं, सौरदिवे. एका बड्या परदेशी साइटवरही हे सगळं मिळायचं, शिवाय स्वस्त, शिवाय घरपोच फुकट. घरपोच आमचंही फुकट होतं, फक्त माल पोचवणाऱ्या बूरामाची मोटरसायकल चालू असेल त्या दिवशी.

"बाजारात नुसती भेंडी विकणारी बाई पाहिलीयस?" ताई मला म्हणाली. "तिच्याकडे लोक नदी ओलांडून येतात. आणि जिच्याकडे भेंडी, साबण, चपला सगळंच असतं, तिच्यापाशी लोक पत्ता विचारायला थांबतात. सिरिकी, दुकानाचे तुकडे कर."

मी साइट बनवतो, शंका काढत नाही. तुकडे केले. सहा साइट, सहा रंग, सहा फोन. माल त्याच खोलीत, त्याच फळ्यांवर. दिव्यांचं दुकान आणि पातेल्यांचं दुकान यांच्यामध्ये अंतर म्हणाल तर एक झाडू.

पण आमच्या बामाको शहरात नुसता फोन उचलून धंदा होत नाही. गिऱ्हाईक आधी तब्येत विचारतं, मग घरच्यांची तब्येत विचारतं, मग आडनाव. आडनाव कळायच्या आत चेनचा भाव विचारणं म्हणजे दार उघडं असताना खिडकीतून आत शिरणं. सहाही दुकानांनी ताईचं "जारा" हेच आडनाव सांगितलं असतं तर तेनिन ताई संध्याकाळपर्यंत उघडी पडली असती. म्हणून प्रत्येक दुकानाला एकेक आडनाव द्यायचं ठरलं. चिठ्ठ्या टाकल्या. दिव्यांच्या वाट्याला केइता आलं.

फोनवर बोलायचं काम बूरामाचं. आवाज भारदस्त, आडनाव कुलिबाली. चिठ्ठी बघून तो उभाच राहिला.

"मी केइता? ताई, त्यापेक्षा मला दिवा म्हणून विकून टाक."

"दिव्याला गॅरंटी द्यावी लागते," ताई म्हणाली. "बस खाली."

केइता आणि कुलिबाली यांच्यात थट्टेचं नातं आहे, पणजोबांच्या पणजोबांपासूनचं. भेटल्याबरोबर एकमेकांना गुलाम म्हणायचं, चवळीखाऊ म्हणायचं. जो रागावला तो हरला. या नात्याची दुसरी बाजूही आहे. थट्टेच्या सोयऱ्याने कधी मनापासून काही मागितलं, तर नाही म्हणता येत नाही. सख्ख्या भावाला म्हणता येतं.

महिन्याभरात पाच दुकानं रांगत होती आणि दिव्यांचं पळत होतं. शहरातल्या कुलिबालींना कळलं होतं, की एक केइता फोनवर बसलाय आणि तो तोडीस तोड बोलतो. ते शिव्या द्यायला फोन करत आणि जाता जाता दिवा घेत. बड्या साइटलाही कुणीतरी चवळीखाऊ म्हणून पाहिलं होतं. तिथून उत्तर आलं, "आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत." तिथे लढाई संपली.

कुलिबाली असून दिवसभर कुलिबालींना चवळीखाऊ म्हणण्याचा बूरामावर परिणाम झाला. तो दुपारच्या जेवणात चवळी टाळायला लागला.

सगळ्यात नेमाने फोन करायचे ते मान्यांबुगू वस्तीतले न्गोलो कुलिबाली. वय सत्तरच्या पुढे.

"अरे केइत्या! तुझा दिवा तुझ्या अकलेइतकाच उजेड देतो!"

"बाबा, तो उजेडच आहे. चवळीनं डोळ्यांवर झापड आली असेल."

"तुझ्या आजोबाला मी बाजारात विकायला काढला होता. कुणी घेतला नाही, म्हणून तू जन्मलास."

असं दर दोन दिवसांनी. म्हाताऱ्याला दिवा का लागला, हेही हळूहळू बाहेर आलं. त्याचा मुलगा त्येमोको त्याच अंगणात राहतो, आणि वीज त्येमोकोच्या नावावर. त्येमोकोने आपल्या पहिल्या मुलाला बापाचं नाव द्यायचं सोडून सासऱ्याचं दिलं. न्गोलोबाबा बारशाच्या पंगतीतून उठले, आपल्या खोलीची तार त्यांनी स्वतः तोडली आणि आमच्याकडून दिवा मागवला. तेव्हापासून बापलेक एकमेकांशी शेळीमार्फत बोलत होते. "शेळे, त्याला सांग, फाटक लावून घे." "शेळे, त्यांना सांग, लावलंय."

मग एका सकाळी त्यांचा फोन आला आणि त्यात एकही शिवी नव्हती. बूरामाने घाबरून फोन आम्हा सगळ्यांना ऐकू येईल असा केला.

"केइता," म्हातारा म्हणाला, "शुक्रवारी ये. माझ्यात नि माझ्या मुलात बस. नातू रांगायला लागला. माझ्या उंबऱ्यापर्यंत येतो आणि त्याची आई त्याला उचलून नेते. मी सांगितलं तर मुलगा ऐकणार नाही. इमामांचं ऐकलं नाही. तुला मात्र तो नाही म्हणू शकणार नाही."

बूरामाने फोन ठेवला. पातेल्यांचा फोन वाजून वाजून थांबला.

"एखादा खरा केइता पाठवूया," मी म्हणालो. "खालचा सायकलवाला केइताच आहे."

"भांडण मिटवणं म्हणजे काय पार्सल आहे, कुणाच्याही हाती द्यायला?" ताई म्हणाली. "त्यांनी ह्याला बोलावलंय."

"मी केइता नाही, ताई."

"ते मला माहितीय. आणि हेही माहितीय, की बाकीची पाच दुकानं दिव्यांच्या जिवावर खातायत." तिने डोकं खाजवलं. "चेन विकताना खोटं आडनाव सांगितलं, तर चेन खरीच असते ना. पण हे... उद्या कळलं तर जे जुळलं ते पुन्हा तुटेल, आणि दुप्पट तुटेल. तू जा. तिथे काय बोलायचं ते तिथेच ठरव. मी काही सांगत नाही."

एवढं सगळं तिने सांगितलं आणि मग ती दप्तरं मोजायला बसली.

शुक्रवारी नमाजानंतर बूरामा आणि मी गेलो. बाप अंगणातल्या आंब्याच्या या बाजूला, मुलगा त्या बाजूला, मध्ये शेळी. बूरामाने सुरुवात झकास केली. अंगणात पाय ठेवल्या ठेवल्या म्हणाला, "काय रे गुलामांनो, मालक आला तरी बसलेलेच?" त्येमोको न हसायचं ठरवून बसला होता. शेजाऱ्याच्या कोंबडीवरून बूरामा कुलिबालींच्या शौर्यावर घसरला, तेव्हा त्येमोकोचे खांदे हलले. त्याच्या बायकोने तोंडावर पदर घेतला. तेवढ्यात बाळ रांगत आलं आणि बूरामाची पँट धरून उभं राहिलं.

न्गोलोबाबांचे डोळे भरले. "झालं," ते म्हणाले. "केइता बोलला. आता कुलिबालीला नाही म्हणता येत नाही."

त्येमोको उठला. बापाकडे निघालाही.

"थांबा," बूरामा म्हणाला. मी त्याच्या पायावर पाय दिला. त्याने पाय काढून घेतला. "मी केइता नाही. बूरामा कुलिबाली. सेगूकडचा. दिवे विकायला केइता झालो होतो."

त्येमोको जागीच थबकला. बाळ तेवढं त्याच्या पँटला लोंबकळत होतं.

"बाबा," त्येमोको म्हणाला, "हा काय म्हणतोय?"

"आपल्यातला आहे म्हणतोय."

"आपल्यातला? आणि आठ महिने तुम्हाला चवळीखाऊ म्हणत होता?"

"तुला कसं माहीत?"

"भिंतीला कान लावून ऐकायचो. मला वाटायचं, निदान कुणीतरी तुमच्याशी बोलतंय."

म्हातारा मुलाकडे बघत राहिला. मग दोघंही एकदम बूरामाकडे वळले.

"केइता असतास तर हसून सोडला असता," न्गोलोबाबा म्हणाले. "घरचा निघालास. आता मार खाशील. त्येमोको, माझी काठी!"

"ही घ्या, बाबा. गाव विचारा आधी त्याला. बाप कोण ते विचारा."

"तू विचार, मी मारतो."

गाव विचारलं, बाप विचारला, बापाची आत्या विचारली. काठी दोनदा बसली, तीही मोटरसायकलच्या सीटवर. मग आम्हाला जेवल्याशिवाय सोडेनात. बापलेकांनी एकाच ताटात हात घातला आणि घास गिळता गिळता बूरामाला शिव्या घातल्या. नात्यातल्या मुलाला घालतात त्या, ज्यांना उलट उत्तर द्यायचं नसतं.

शनिवारी ताईने मला सहाही साइटवर एकच ओळ टाकायला लावली: सगळी दुकानं तेनिन जाराची, फोनवर बूरामा कुलिबाली. भेंडी भेंडीच राहू दे, ती म्हणाली, बाई मात्र एकच आहे हे लोकांना कळू दे. दिव्यांचा फोन थंडावला. कुलिबाली कुलिबालीला फोन करून काय बोलणार? बाकीचे पाच मात्र होते तसेच रांगत राहिले, किंचित पुढेच म्हणा.

पुढच्या आठवड्यात मच्छरदाणीचा फोन वाजला.

"नमस्कार, बाळा," न्गोलोबाबा म्हणाले. "घरचे बरे? आईची तब्येत? देवाची कृपा. नातवासाठी मच्छरदाणी हवी होती. आता तो माझ्याच खोलीत झोपतो."

बूरामाने किंमत सांगितली.

"बरं."

"बाबा, बरं काय? भाव करा की."

"घरच्या पोराशी कसला भाव करायचा? शोभतं का ते?"

"बाबा, जास्त सांगितलीय मी. हजार फ्रँकनं जास्त."

"तुझाही संसार आहे, बाळा. राहू दे."

बूरामाने कपाळावरचा घाम पुसला. "दीड हजारानं जास्त आहे, बाबा! काहीतरी बोला ना!"

"देव तुझं भलं करो," म्हातारा म्हणाला, आणि जरा थांबला. तो फोनवर नुसता श्वास घेत होता. बूरामाही घेत होता. ताईने मला हाताने खूण केली, पार्सल बांध म्हणून. मी बांधायला घेतलं. गाठ मारून झाली तरी त्या दोघांपैकी कुणी फोन ठेवला नव्हता.