माझे हरवलेले दोन मिलिमीटर

मी एक जुनी स्टीलची फूटपट्टी आहे. मित्रांनो, माझा जन्म इंडोनेशियातल्या सुराबायाच्या कारखान्यातला, पण सगळं आयुष्य गेलं योग्याकार्तात, कॉलेजच्या फाटकासमोर, बु वार्सिनींच्या टायपिंगच्या दुकानात. 'बु' म्हणजे आई. सगळी मुलं त्यांना बु म्हणतात आणि त्याही मुलांना आईसारख्याच रागावतात.

टाइपरायटर गेला, कॉम्प्युटर आला, मी मात्र राहिले. मुलांचे निबंध बु टाइप करतात, चुका काढतात आणि शेवटी मला प्रत्येक पानावर ठेवतात. डावीकडे चार सेंटिमीटर, वर चार, उजवीकडे तीन, खाली तीन. इथे समास चुकला की निबंध परत, मग आत काहीही लिहिलेलं असो. "कॉम्प्युटरचं मला सांगू नका. माझी पट्टी खोटं बोलत नाही," असं बु म्हणाल्या की माझ्यासारख्या लोखंडालाही मूठभर मांस चढायचं.

एकदा झेरॉक्स मशीनमध्ये कागद अडकला. बुंचे यजमान पाक जुमाली ('पाक' म्हणजे वडील) यांनी मलाच आत खुपसलं आणि माझं शून्याकडचं टोक कडकन मोडलं. बायको ओरडेल म्हणून त्यांनी कानस काढली आणि मोडलेली कड इतकी सफाईने घासली, की कुणाला संशयही येऊ नये. माझे दोन मिलिमीटर गेले, आणि मला तर तोंड नाही.

दुसऱ्या दिवसापासून कॉम्प्युटरचे बरोबर चार सेंटिमीटर माझ्यावर थोडे जास्त दिसू लागले. "हे यंत्र बिघडलं," म्हणत बु समास कमी करायच्या, माझ्यावर चार दिसेपर्यंत. खरं तर तो चाराला दोन मिलिमीटर कमी असायचा. मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलत होते.

यात भरडली गेली विगाती. ही डोंगराळ गावातली मुलगी. आपल्या गावच्या तळ्यांवर तिने एक्केचाळीस पानं लिहिली होती. हार्तोयो सरांनी ती दोनदा परत केली. शुक्रवारी सकाळी ती दुकानात आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते.

"बु, सर नमाजाला जायच्या आत द्यायचंय. आता परत आलं तर नापास. अख्खं वर्ष जाईल माझं."

"तुझ्या सरांना चष्मा लागलाय! हे बघ, चार. बरोब्बर चार."

विगातीने पिशवीतून स्वतःची प्लास्टिकची पट्टी काढली आणि माझ्या शेजारी ठेवली. दोघींचे आकडे जुळवले, तर कडेला मी तोकडी पडले.

बुंनी माझ्या घासलेल्या कडेवरून बोट फिरवलं. मग वळल्या. "अहो, हे तुमचं काम?"

पाक जुमालींनी कॉफीचा पेला खाली ठेवला. "कागद अडकला होता गं... तू ओरडशील म्हणून..."

"म्हणून घासून ठेवलीत? मोडली, एवढं तोंडाने सांगता आलं नाही?"

सगळी पानं पुन्हा छापली. बुंनी मला हातात घेतलं आणि घरच्याच चपलांवर विगातीबरोबर कॉलेज गाठलं. सर काळी टोपी घालून निघालेच होते.

"सर, पोरीची चूक नाही. पट्टी माझी मोडकी, आणि तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवला तोही मीच. तुम्ही आणखी सात निबंध परत केलेत ना? तेही माझ्याच दुकानातले."

व्हरांड्यातली सगळी मुलं ऐकत होती. तीस वर्षांचं नाव बुंनी एका वाक्यात पणाला लावलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सरांनी मला मोजलं. मग पानं मोजली.

"सोमवारी ते सातही नीट छापून द्या. घेईन मी," ते म्हणाले. विगातीचा निबंध मात्र त्यांनी तिथेच उघडला. दोन पानं वाचली, तिसरं वाचलं. "तुमच्याकडचं तळं खरंच उन्हाळ्यातही आटत नाही?"

समासाच्या आत काय लिहिलंय हे तिला कुणीतरी पहिल्यांदाच विचारत होतं. विगाती डोळे पुसत बोलू लागली आणि सर मशिदीच्या वाटेवर तिचं ऐकत चालले.

बुंनी मला टाकलं नाही. आता त्या एकच्या आकड्यापासून मोजतात. पाचावर आलं की चार.

मित्रांनो, वस्तू वापरली की कधीतरी मोडणारच. त्याचं आम्हाला वाईट वाटत नाही. फक्त मोडली की मोडली म्हणून सांगा. पाक जुमालींनी त्या दिवशी एवढं सांगितलं असतं, तर विगाती दोनदा रडत घरी गेली नसती.