पेट्रोल जातं कुठं?

छावणीतल्या त्या घरात गाडी एक आणि सुना दोन, हेच मुळात चुकलं होतं. त्यात गाडी दोघींनाही चालवता येत होती. थोरली संध्या शिकायला गेली ती धाकटी मेघा शिकून आल्यावर, आणि तेही हौसेपायी नव्हे. मेघाला येतं आणि आपल्याला येत नाही, हे तिला सहन होईना. पण शिकेपर्यंत उशीर झाला होता. सासूबाईंना, म्हणजे चतुराबाईंना, बिडकीनला बहिणीकडं जायचं असो की दवाखान्यात, त्यांच्या तोंडी नाव एकच यायचं ते मेघाचं. ते ऐकलं की संध्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. घरात आधी आली ती, सासऱ्यांचं आजारपण काढलं तिनं, आणि सासू पुढच्या सीटवर बसायची ती मेघाशेजारी!

गाडी गॅस आणि पेट्रोल, दोन्हींवर चालायची. सुरू पेट्रोलवर व्हायची आणि जरा तापली की आपोआप गॅसवर जायची. स्टिअरिंगजवळचं बटण दाबलं की पुन्हा पेट्रोल. संध्याचा नवरा सोमनाथ काटकसरी माणूस. पेट्रोल फक्त गाडी सुरू करण्यापुरतं, शिवाय टाकीतला पेट्रोलचा पंप जाम होऊ नये म्हणून रविवारी एक चक्कर, असा त्याचा नियम. तरी पेट्रोलचा काटा भराभर खाली यायचा.

"गॅस भरतोय, मग पेट्रोल जातं कुठं?" एकदा जेवताना त्यानं विचारलं.

संध्या याच घडीची वाट बघत होती. "मला काय विचारता? चालवती कोण, तिला विचारा. गॅसवर गाडी पळत नाय ना! मिजाशीत फिरायचं तर पेट्रोलच लागतं."

मेघाचा घास हातातच राहिला. तिनं सासूकडं पाहिलं. चतुराबाई खाली मान घालून भाजी चिवडत होत्या.

"ताई, उगं भटकायला नाय नेत मी गाडी," मेघा एवढंच म्हणाली.

संध्याला तेवढं पुरलं. खरी असती तर कारण सांगितलं नसतं का हिनं? गाडीची किल्ली मेघाकडून काढून सोमनाथनं बायकोच्या हातात दिली, आणि दोन दिवस संध्या घरात गुणगुणत वावरली.

मग चतुराबाईंना बिडकीनला जायचं निघालं. संध्यानं ठेवणीतली साडी नेसली, पुढचं दार उघडलं आणि म्हणाली, "बसा आत्याबाई, ऐटीत बसा."

पैठण रोडला लागल्यावर गॅसचा काटा तळाला टेकला. पेट्रोलच्या बटणाकडं संध्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. तिनं गाडी सरळ गॅसपंपाच्या रांगेत लावली. ऊन रणरणत होतं. नंबर आला तसा पंपावरचा माणूस काचेवर टकटक करत म्हणाला, "चलो, सब उतरो. गॅस भरताना गाडीत कुणी बसायचं नाय."

संध्या टुणकन उतरली. चतुराबाई मात्र उतरेनात. एक पाय बाहेर, दुसरा आत, दोन्ही हातांनी दार धरलेलं. म्हातारी नखरे करतेय, मेघा नाही ना शेजारी, असं संध्याला वाटलं. मग तिला त्यांच्या कपाळावरचा घाम दिसला, दातांखाली दाबलेला ओठ दिसला. मागची गाडी हॉर्न वाजवायला लागली. संध्यानं काखेत हात घालून त्यांना कसंबसं बाहेर काढलं आणि कडेच्या कट्ट्यावर बसवलं.

"गुडघे गेले गं माझे," चतुराबाई म्हणाल्या. "बसलं की उठवत नाय. म्हणून गॅस सरत आला की मेघा पेट्रोलवर घेती. मला घरी सोडती, आन् मग एकटी येऊन रांगेत थांबती."

"मग त्या दिवशी बोलली का नाय ती?"

"मीच शपथ घातली व्हती. सोमनाथला कळलं तर आपरेशन करायला लावील. मला लई भ्या वाटतं. तूबी सांगू नको."

संध्याला वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण त्याच्या आधी तिला बोचलं ते वेगळंच. दोन वेळचं ताट आपण पुढं ठेवतो, आणि सासूचे गुडघे आपल्याला दिसले नाहीत? काल आलेल्या पोरीला दिसले? मेघा चोर निघाली असती तर किती बरं झालं असतं, असंसुद्धा तिच्या मनात आलं. आता गप्प बसायची परवानगी तर आयतीच मिळाली होती. सासूनंच सांगितलंय, सांगू नको. नाही सांगितलं की मेघा घरात खोटी ती खोटीच.

बिडकीनहून परतताना टाकीत गॅस भरपूर होता. छावणीच्या वाटेवर संध्याची नजर पुन्हा पुन्हा त्या बटणाकडं जात राहिली. मग तिनं ते दाबलं आणि घर येईपर्यंत गाडी पेट्रोलवर आणली.

संध्याकाळी सोमनाथनं काटा पाहिला आणि दारातूनच ओरडला, "आजबी पेट्रोल गेलं?"

"मी जाळलं," संध्या म्हणाली. "गॅस सरला अन् पंपावर रांग असली की आणावी लागती पेट्रोलवर. मेघाबी तेच करत व्हती. मी उगं बोलले तिला."

तिनं किल्ली मेघाच्या हातावर ठेवली. देताना हात जड झाला, खोटं कशाला सांगा. मेघाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तेही संध्याला जरा खुपलंच.

तेवढ्यात आतून हाक आली, "मेघा, तेल आण की जरा कोमट करून." हाक रोजचीच होती. म्हातारी लाड करून घेते, असं संध्या आजवर समजत आली होती.

"तू बस," ती मेघाला म्हणाली आणि तेलाची वाटी घेऊन स्वतः आत गेली.

चतुराबाईंनी लुगडं गुडघ्यावर घेतलं होतं. दारात संध्या दिसताच त्यांनी ते खाली ओढलं. "तू व्हय? राहू दे बाई. मेघाचे हात गरम असत्यात."

संध्या खाली बसली. वाटी बाजूला ठेवून तळव्यावर तळवा घासू लागली.

"माझेबी व्हतील," ती म्हणाली.