पाळण्याशेजारचा फोन

"बायको बाळंत झाली म्हणून बापाला कसली रे सुट्टी?" फोनवर गोदामाचे साहेब हसले आणि माझं डोकंच फिरलं. दिलं ठोकून, "बाळाला ताप आहे, ॲडमिट केलंय." लगेच आठ दिवस मिळाले.

हेच उरणला गोदामात उभं राहून बोललो असतो तर चाललं असतं. पण मी बोललो नवीन पनवेलच्या आमच्या खोलीत, पाळण्याशेजारी. आई नेहमी बजावायची, घरात अभद्र बोलू नकोस, वास्तू ऐकत असते.

तिसऱ्या दिवशी दुपारी बायकोनं, प्रमिलानं, थर्मामीटर पाहिला. "अहो, एकशे दोन! रिक्षा बोलवा."

रिक्षा राहिली बाजूला, मी आधी साहेबांना फोन लावला. त्याच पाळण्याशेजारी उभा राहून, भिंतींना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालो, "साहेब, बाळ ठणठणीत आहे. मी खोटं बोललो होतो. सुट्टी रद्द करा, उद्या कामावर येतो."

प्रमिला बाळाला दुपट्यात गुंडाळून दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"उद्या?" ती म्हणाली. "मग दवाखान्यात याच्यापाशी कोण थांबणार?"