पिवळट झाक

जयवंतरावांनी बाथरूमचं दार ओढून घेतलं, झरोक्यावर पुठ्ठा लावला आणि पांढऱ्या टाइलवर चौथा टॉर्च मारला.

"हाही पिवळटच," ते पुटपुटले.

आधीचे तीन टॉर्च पालथ्या बादलीवर ओळीने उभे होते. चारही खोक्यांवर तेच छापलेलं, की या उजेडात रंग भर उन्हातल्यासारखे खरे दिसतात. चारही महाग आणि चारही त्यांना सारखेच पिवळे वाटत होते.

आधी गिरणीत, मग भिवंडीच्या कारखान्यात, कापडाचे रंग जुळवण्यात त्यांची हयात गेली होती. बोरिवलीच्या या सोसायटीतल्या बायका अजूनही साडीचा फॉल निवडायला त्यांच्याकडेच येत. गेल्या महिन्यात मात्र सुनेच्या गडद निळ्या साडीला त्यांनी काळा फॉल काढून दिला. दोन दिवसांनी रुचिरा गुपचूप तो उसवत बसलेली त्यांना दिसली. ट्यूबलाइटमध्येच खोट आहे म्हणत त्यांनी टॉर्च मागवायला सुरुवात केली.

"प्रेमा, जरा ये गं इकडे."

प्रेमाताई पदराला हात पुसत आत आल्या. त्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता. उजव्याचं अजून व्हायचं होतं.

जयवंतरावांनी एकेक टॉर्च लावून दाखवला. "सगळे पिवळे. आहेत की नाही?"

"छे! हा जरा गुलाबी आहे. तो हिरवट. आणि हा तुमच्या हातातला, अगदी पांढराशुभ्र."

जांभळा आणि मोरपंखी यांतला फरक जिला लग्नानंतर त्यांनी शिकवला, ती हे सांगत होती.

"नीट बघ."

प्रेमाताईंनी डावा डोळा तळव्याने झाकला आणि नुसत्या उजव्याने पाहिलं. मग बराच वेळ तळवा काढलाच नाही.

"आता सगळे पिवळे दिसतात," त्या हळूच म्हणाल्या.

जयवंतरावांनी टॉर्च बंद केला. अंधारात नळ ठिबकत होता.

"बुधवारी तुझ्या दुसऱ्या डोळ्याचं आहे ना?"

"हो. येणार ना सोबत?"

"येतो." मग घसा खाकरून त्यांनी विचारलं, "दुखतं का गं?"

"नाही हो. थेंब घालतात. कळतसुद्धा नाही."

"मग तिथेच माझाही केसपेपर काढून टाकू."