कोणाच्या बिल्डिंगचा ईसीएम

घोडपदेवच्या मंडळाच्या रुग्णवाहिकेचं इंजिन बसलं, आणि असं बसलं की दीपक मेकॅनिकने बॉनेट उघडताच आतून एक नट टुणकन उडाला आणि समोरच्या वडेवाल्याच्या कढईत पडला. चांगला खरपूस तळून निघाला म्हणतात. अख्खी गल्ली हसली. दीपकला मात्र हसू फुटेना.

त्याची आई, सुभद्रा, तळमजल्यावरच्या खोलीत कॉटवर पडून होती. किडन्या आधीच गेलेल्या, त्यात मांडीचं हाड मोडलेलं. टॅक्सीत बसवायची सोय नाही, न्यायची ती आडवीच. आठवड्यातून तीनदा परळच्या हॉस्पिटलात डायलिसिस. मंडळाची ही चिंचोळी व्हॅन थेट दारापर्यंत यायची. बाहेरची मोठी रुग्णवाहिका गल्लीत शिरत नाही, नाक्यावर उभी राहते, तिथवर आईला चादरीत घालून न्यायचं म्हणजे प्रत्येक पावलाला तिच्या तोंडून किंकाळी. गेल्या खेपेला तीसुद्धा उशिरा आली. मशीनवर दुसरा पेशंट चढला. आई त्या रात्री पाण्याबाहेर काढलेल्या बांगड्यासारखी तोंड उघडून श्वास घेत होती, आणि दीपकची बायको प्रिती तिच्या छातीवर हात ठेवून बसली होती.

व्हॅन इतकी जुनी की अख्खं इंजिन कुठे मिळेना. मग तीन नंबर बिल्डिंगचे अप्पा पुढे आले. त्यांची गाडी एकदा खंडाळ्याच्या घाटात अशी तापली होती की बॉनेटवर पापड भाजले, असं ते स्वतःच सांगायचे. त्या तापण्यात इंजिनाचं वरचं डोकं तडकलं होतं, पण खालचा ब्लॉक ठणठणीत. पाच नंबरच्या हितेंद्रच्या गाडीचं उलटं. तिचा ब्लॉक फुटलेला, वरचं हेड नव्यासारखं. दोन्ही इंजिनं व्हॅनच्याच कंपनीची पण वेगळ्या सालातली. दीपकने मोजमाप घेतलं, खालचं अप्पांचं, वरचं हितेंद्रचं, असं संकरित इंजिन उभं केलं. जोड चपखल बसली.

अडलं ते मेंदूपाशी. कधी किती पेट्रोल सोडायचं, कधी ठिणगी टाकायची, हे ठरवणारा गाडीतला कॉम्प्युटर म्हणजे ईसीएम. व्हॅनचा जुना या इंजिनाला चालेना, मग आता तो कोणाचा लावायचा? अप्पांच्या गाडीचा ईसीएम खालचा ब्लॉक ओळखायचा, वरचं त्याला कळेना. हितेंद्रचा वरचं ओळखायचा, खालच्याशी त्याचं बोलणंच नाही. दीपक दादरला वैभवकडे गेला. वैभव रेसच्या गाड्यांचे कॉम्प्युटर बसवायचा. त्याने एक कोरा ईसीएम पुढे ठेवला. याला कुठली गाडी माहीत नाही म्हणाला, तू शिकवशील तेवढंच करणार. रीतसर शिकवायचं तर गाडी जागच्या जागी चाकं फिरवणाऱ्या रोलरवर चढवून, आणि रोलरचा नंबर पुढच्या महिन्याशिवाय नाही.

"आणि रस्त्यावर शिकवला तर?" दीपकने विचारलं.

"पेट्रोल कमी पडलं आणि तू पाय दाबत राहिलास, तर तापून पिस्टन मेणासारखा वितळेल. मग तुझ्याकडे दुसरं इंजिन आहे?"

नव्हतं. दीपक ईसीएम पिशवीत घालून घरी आला, तर मंडळाने मीटिंग लावलेली. गाडी मंडळाची, म्हणजे मेंदूही मंडळ ठरवणार. सूचक, अनुमोदक, सगळं झालं. तीन नंबरवाले म्हणाले ब्लॉक आमचा, पाया आमचा, मेंदूही आमचाच. पाच नंबरवाले म्हणाले डोकं आमचं आहे, मेंदू डोक्यात असतो की ढोपरात? दीपकने कोऱ्या ईसीएमचं नाव काढलं, तेव्हा दोन्ही बिल्डिंगा जन्मात पहिल्यांदा एक झाल्या. बाहेरचा नको म्हणाल्या. त्याने आईचं सांगितलं. कोणीतरी चहा मागवला, आणि चहा पिऊन सगळे पुन्हा तिथूनच सुरू झाले.

शेवटी अप्पांनी तोडगा काढला. दोन्ही लावा. ठिणगी तीन नंबरची, पेट्रोल पाच नंबरचं. टाळ्या पडल्या.

दीपकला ठाऊक होतं हे चालायचं नाही. पण नाही म्हटलं तर मंडळ गाडीची चावी काढून घेणार, आणि आईचा पुढचा दिवस परवावर आलेला. त्याने ईसीएमचे दोन्ही डबे बसवले. गाडी जागेवर सुरू झाली, मांजरासारखी घुरघुरली. नारळ फुटला. दीपक एकटाच चक्कर मारायला निघाला आणि लालबागच्या नाक्यावर त्याने जरा पाय दाबला. एक डबा म्हणाला आत्ता, दुसरा म्हणाला थांब. सायलेन्सरमधून असा बार उडाला की मसाल्याच्या दुकानासमोर वाळत घातलेल्या मिरच्या उडाल्या आणि अख्खं लालबाग शिंकायला लागलं. गाडी मेली ती मेलीच. ढकलत आणली.

घरी आईचे पाय सुजून उशीएवढे झाले होते. प्रिती हळू आवाजात म्हणाली की डॉक्टर विचारत होते, उद्याची खेप चुकवणार नाही ना? दीपक मोरीत गेला, नळ सोडला आणि तोंडावर पाणी मारत किती वेळ तिथेच उभा राहिला.

मग त्याने पिशवीतून कोरा ईसीएम काढला. तो सीटखाली बसवला. अप्पांचा आणि हितेंद्रचा डबा होते तिथेच ठेवले, वायरीही दिसायला तशाच, फक्त कुठे जोडलेल्या नाहीत. मंडळाला सांगितलं, एक वायर सैल होती. वैभवने लॅपटॉप दिला होता आणि ढोबळ आकडे भरून दिले होते. पडद्यावर चौकोनच चौकोन, इंजिनावरच्या एकेका भारासाठी एकेक. पेट्रोल बरोबर असलं की हिरवा, जास्त झालं की निळा, कमी पडलं की लाल.

दुसऱ्या दिवशी आईला मागे आडवी घातली. प्रितीने ऑक्सिजनचा मास्क धरला. लॅपटॉप ठेवायला सपाट जागा नव्हती, म्हणून तो आईच्या पोटावर. गल्लीतून दोन्ही बिल्डिंगांनी हात केले, आपापल्या डब्याकडे बघून.

सपाटीवर सगळं हिरवं होतं. खालच्या रस्त्यावर खणून ठेवलेलं, गाड्या मुंगीच्या पावलाने, म्हणून दीपकने वरचा उड्डाणपूल धरला. चढ लागला आणि इंजिनाचा आवाज कोरडा झाला.

"लाल," प्रिती म्हणाली. "दीपक, सगळेच लाल."

पाय दाबला तर पिस्टन जाणार, काढला तर गाडी चढावर बंद. मागून हॉर्न. आरशात त्याला आईचा चेहरा दिसला, मास्क आतून धुकटलेला, डोळे पडद्यावर. त्याने गियर खाली टाकला, पाय निम्म्यावर आणला, आणि गाडी बैलगाडीसारखी सरकवत नेली. बस ओरडत बाजूने गेली. घाम डोळ्यांत जात होता, पुसायला स्टिअरिंगवरचा हात सोडायची हिंमत नव्हती. प्रिती नुसती रंग सांगत होती. लाल. लाल. जरा हिरवा. परत लाल. तो पाय नखाएवढा वर घेई, नखाएवढा खाली. पुलाचा माथा येता येईना. आला तेव्हा प्रिती म्हणाली, हिरवा.

मशीन मिळालं. शेवटचं रिकामं होतं, तेच.

आईचं रक्त तिकडे फिरत असताना दीपक पार्किंगमध्ये लॅपटॉप घेऊन बसला आणि चढावरच्या चौकोनांत एकेक करून पेट्रोल वाढवत राहिला. बरोबर वाढवतोय की नाही, विचारायला कोणी नव्हतं, वैभव फोन उचलत नव्हता. फोन आला तो अप्पांचा. कोणाच्या ईसीएमने नेलं, खरं सांग.

"तुमच्याच, अप्पा."

पाठोपाठ हितेंद्रचा. त्यालाही दीपकने तेच सांगितलं. पाच नंबरमध्ये त्या दिवशी पेढे वाटले, आणि तीन नंबरवाल्यांनी ते आपलेच समजून खाल्ले.

आईला बाहेर आणलं तेव्हा तिची धाप बसली होती. गाडीत चढवताना दीपक म्हणाला की परत जाताना पूल नको, खालून हळूहळू जाऊ, खोळंबलो तर खोळंबलो. चढावर घेतली आणि भरलेले आकडे चुकले असतील तर इंजिन आजच जाईल.

"आणि परवा?" आईने विचारलं. "परवा माका घेवन चढतलंस तेव्हा कळतला काय, चुकला ता?"

दीपकने खिशातून चावी काढली.

"आता बंद पडली तरी चलात रे. रगत धुवान झाला माझा." तिने लॅपटॉप आपल्या हाताने पोटावर ओढून घेतला. "घे पुलावरसून."

प्रितीने दीपककडे बघितलं आणि मागचं दार ओढून लावलं. त्याने गाडी पुलाकडे वळवली. चढ लागल्यावर त्याने या खेपेला पाय पूर्ण दाबला आणि मागून कोणता रंग ऐकू येतोय याची वाट बघू लागला.